पाणी वाचते ते नियमाने



पाणी जपून वापरा, हा उपदेश आपण सर्वांनी शाळेपासून ऐकला आहे. भिंतीवर तो लिहिलेला असतो, सभेत पुढारी सांगतात, घरात आई सांगते. तरीही मार्च उजाडला की वाड्यावरच्या नळापाशी कळशांची रांग लागते, आणि त्याच वेळी शिवारात एखाद्या बांधावरून पाणी ओढ्याला वाहत असते. दोन्ही गोष्टी आपण रोज पाहतो. उपदेश तर सर्वांनी ऐकलेला आहे, मग असे का होते, याचा विचार या पाठात करू या.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: पाणी एकट्या माणसाच्या चांगुलपणावर वाचत नाही. गावाने मिळून केलेल्या आणि सर्वांनी सारख्या पाळलेल्या नियमावर ते वाचते. जिथे गावाचा नियम नसतो तिथे मोटारीचा नियम चालतो. ज्याची मोटार मोठी आणि बोअर खोल, त्याचे पाणी.

एकट्याची काटकसर पुरत नाही

समजा, एका ओढ्याच्या काठी चार विहिरी आहेत. पहिल्या शेतकऱ्याने ठरवले की यंदा ऊस नको, हरभरा करू, पाणी राखू. त्याने राखलेले पाणी जमिनीखाली कुंपण घालून बसत नाही. ते पाझरत शेजारच्या विहिरीत जाते, आणि शेजाऱ्याने बोअर मारून दिवसरात्र उपसा लावला तर राखणाऱ्याचीच विहीर आधी आटते. दुसऱ्या वर्षी तोही म्हणतो, ‘मीच का राखू?’ आणि कर्ज काढून बोअर मारतो. तिसऱ्या वर्षी चौघेही अधिक खोल जातात. शेवटी पाणी तेवढेच राहते आणि कर्ज मात्र चौघांच्या डोक्यावर बसते.

यात कोणी दुष्ट नाही. नियम नसल्यामुळे शहाण्या माणसालाही शहाणपणाने वागणे परवडत नाही. म्हणून पाण्याचा प्रश्न चौघांनी एकत्र बसून सोडवायचा असतो. आपल्या मराठी मुलखात हे पूर्वीही झाले आहे आणि आजही होते आहे. त्याची तीन उदाहरणे पाहू.

पांझरेकाठचे फड

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुन्या काळी लहान लहान बंधारे बांधून पाटाने शेती भिजवीत. या रीतीला ‘फड’ म्हणतात. बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे पाडीत. असा एक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी पिकांची पाळी फडाफडांतून फिरवायची. यंदा या फडात ऊस असेल तर पुढल्या वर्षी दुसऱ्यात. त्यामुळे जास्त पाण्याचे पीक कायम एकाच्याच वाट्याला येत नसे, आणि जमिनीलाही विसावा मिळे.

शेतकऱ्याने स्वतः पाटाचे दार उघडायचे नाही, हा तिथला मोठा नियम. पाणी देण्यासाठी गावाने पाटकरी नेमलेला असे. तो पाळीप्रमाणे प्रत्येकाचे शेत भिजवी आणि त्याची मजुरी सर्वांनी मिळून द्यायची. पाट साफ करण्याच्या कामाला प्रत्येक घरचा माणूस यायचा. पाणी कमी असेल त्या साली कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे पंच आधी ठरवीत. पीक वाळू लागल्यावर भांडत बसण्याची वेळ येत नसे.

पुढे नद्यांवर वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, आणि पुष्कळ फड मोडले. ज्याच्या घरी स्वतःची मोटार आली त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही. हेही आपण ध्यानात ठेवावे. नवे यंत्र गावात आले की जुना नियम आपोआप पुरत नाही, यंत्रासाठी नवा नियम करावा लागतो.

नायगावची पाणी पंचायत

१९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या वेळी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे नावाचे एक अभियंते लोकांची दैना पाहून कामाला लागले. नायगाव येथे त्यांनी देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन खंडाने घेतली, उतारावर बांध घातले, खाली तळे केले आणि अवर्षणाच्या मुलखातही पाणी अडवून धान्य पिकते हे दाखवून दिले. १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली. त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम असे होते:

पाणी जमिनीच्या हिशेबाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते.

जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही.

भूमिहीनालाही पाण्यात वाटा राहील.

ऊस आणि तशी जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत.

योजना गटाची असेल, एकट्याची नाही, आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः भरायचा.

पहिला नियम पुन्हा वाचावा. वीस एकरांचा धनी आणि दोन एकरांचा धनी, दोघांच्या घरात पाच-पाच माणसे असतील तर दोघांना पाणी सारखे. तहान आणि भूक माणसाला असते, सातबाऱ्याला नसते, असा त्याचा अर्थ. साळुंखे २००२ मध्ये वारले. त्या योजनांपैकी अनेक पुढे थांबल्या. पण पाणी कोणाचे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर आजही कोणत्याही गावाला उपयोगी पडेल असे आहे.

हिवरे बाजारचा पाण्याचा जमाखर्च

तिसरे उदाहरण आजचे आहे. अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. तिथे वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. १९९० च्या आधी गावातले लोक पोटासाठी पुण्या-मुंबईला जात. त्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने नियम बांधून घेतले. झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, डोंगरावर गुरे मोकाट सोडायची नाहीत, दारू नाही, आणि प्रत्येकाने श्रमदान करायचे. डोंगरउतारावर समतल चर खणले, बंधारे घातले, आणि पाणी जमिनीत मुरू लागले.

पाणी आल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू होते. पुष्कळ गावांत बंधारे बांधून पाणी वाढते आणि दोन वर्षांत नव्या बोअरी ते संपवून टाकतात. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर मारण्यास बंदी केली. ऊस आणि केळी यांनाही मनाई केली. पावसाळा संपला की गावात पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडतात. आधी माणसांचे पिण्याचे पाणी, मग गुरांचे, आणि उरलेल्यात शेती. सगळे वापरून टाकीत नाहीत, काही भाग जमिनीतच पुढच्या सालासाठी ठेवतात. पाऊस कमी झाला असेल तर रब्बीचे क्षेत्र कमी करतात. घरात गहू किती आहे हे पाहून जशी गृहिणी पाहुण्यांना बोलावते, तसाच हा प्रकार. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

नगर जिल्ह्याचे नाव निघाले आहे तर आणखी एक सांगावेसे वाटते. फादर हर्मन बाखर या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी याच जिल्ह्यात शेतकऱ्यांमध्ये आयुष्य घालवले. १९९० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने अनेक गावांत पाणलोटाची कामे झाली. त्या कार्यक्रमाची अटच अशी होती की पैसा येण्याआधी गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान कबूल करावे. आधी नियम आणि मग पैसा. उलट केले तर पैसा संपतो आणि बंधारा गाळाने भरतो.

हिशेब कसा करावा

नियम करायचा तर माप हवे. ते अवघड नाही, शाळेतल्या मुलालाही जमेल.

पाऊस: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ४,००० लिटर पाणी पडले. ४० चौरस मीटरच्या कौलारू छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला तर ४०,००० लिटर होतात. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी ३२,००० लिटर पन्हळीतून विहिरीकडे किंवा टाकीकडे वळवता येतात.

मोटार: २०० लिटरचे पिंप मोटारीखाली ठेवावे आणि भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. ४० सेकंदांत भरले तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८,००० लिटर. आता पाहा. वीज रात्री येते, मोटारीला ऑटो बसवलेला असतो, धनी घरी झोपलेला असतो. शेत भिजून झाल्यावर मोटार दोन तास उगाच चालली तर ३६,००० लिटर पाणी गेले. सरकारच्या जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर नळाचे पाणी धरले आहे. त्या हिशेबाने ते साडेसहाशे माणसांच्या गावाचे एका दिवसाचे पाणी झाले. वीज फुकट असली म्हणून पाणी फुकट होत नाही.

पीक: उसाला लावणीपासून तोडणीपर्यंत साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते, ज्वारीला ४५० ते ६५० मिलिमीटर. एक एकर उसाच्या पाण्यात तीन-चार एकर ज्वारी होते. ऊस करूच नये असे आम्ही म्हणत नाही, कारखान्याचा पैसा घराला लागतो हे आम्ही जाणतो. पण किती एकर करावा आणि कोणत्या पद्धतीने भिजवावा, हे गावाच्या विहिरींकडे पाहून ठरवावे. ठिबक, एक आड एक सरी भिजवणे आणि पाचट न जाळता सरीत पसरणे, या तिन्हींनी उसाचे पाणी चांगलेच वाचते.

आपल्या वाड्यासाठी नियम

आपला बेळगावचा मुलूख चमत्कारिक आहे. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे धुवाधार पाऊस, तिथेच मलप्रभा उगम पावते. पूर्वेला सौंदत्ती, अथणीकडे जावे तर पावसाची वाट पाहावी लागते. पण खानापूर तालुक्यातही एप्रिलमध्ये विहिरी तळ दाखवतात, कारण उतारावरचे पाणी आपण थांबवत नाही. गोव्याकडच्या बंधूंचा अनुभवही वेगळा नसावा. म्हणून पाऊस जास्त असो की कमी, पुढील नियम वाड्यावर चर्चेला घ्यावेत. आपल्या गावाला जुळतील तसे बदलावेत.

१. नळाला तोटी हवी. सार्वजनिक असो की घरचा, बिनतोटीचा नळ आठ दिवसांत दुरुस्त झाला पाहिजे. दुरुस्ती कोणी करायची, त्याचे नाव आधीच ठरलेले असावे.

२. पिण्याच्या नळाच्या पाण्याने वाहने धुणे आणि परसातली बाग भिजवणे बंद. बागेला मोरीचे आणि भांडी धुतलेले पाणी घालावे. नळाला थेट मोटार जोडणे तर पूर्ण बंद, कारण त्याने उताराच्या शेवटच्या घराचे पाणी तुटते.

३. रात्रीच्या विजेवर मोटार चालत असेल तर कोणीतरी शेतावर असावे, किंवा ठरल्या वेळी बंद करणारे यंत्र बसवावे. पाणी रस्त्यावर किंवा ओढ्यात गेले तर दंड.

४. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीजवळ नवी बोअर नको. १९९९ मध्ये कर्नाटकाने कायदा करून अशा जागेपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई केली. गोव्यातही २००२ चा भूजल कायदा आहे. कायदा आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसते, म्हणून तो ग्रामसभेत वाचून दाखवावा.

५. जो बोअर मारील त्याने पाणी मुरवण्याचीही सोय करावी. छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडावे, किंवा शेताच्या वरच्या अंगाला चर खणावा. काढणाऱ्याने भरले पाहिजे.

६. दिवाळीनंतर ग्रामसभेत विहिरींची पातळी दोरीने मोजून फळ्यावर लिहावी, आणि त्यावरून उन्हाळी पीक किती घ्यायचे ते ठरवावे. पातळी खाली असेल तर उन्हाळी भात नको, रताळी आणि कडधान्ये बरी.

७. टंचाईचा क्रम ठरलेला असावा. आधी माणसे, मग जनावरे, मग उभी फळझाडे, मग इतर शेती. हा क्रम टंचाई येण्याआधी लिहून ठेवावा.

नियम कोण राखणार?

नियम कागदावर करणे सोपे आहे. राखायला माणूस लागतो. फडात पाटकरी होता, तसा आपल्या वाड्यावरही एक पाणीराख्या असावा आणि त्याला सर्वांनी मिळून थोडे मानधन द्यावे. समितीत बायका निम्म्या तरी असाव्यात. नळ किती वाजता येतो, किती वेळ चालतो आणि कोणाच्या दारात पोचत नाही, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.

दंड लहान असावा पण सर्वांना सारखा असावा. सरपंचाच्या मोटारीला सूट आणि विधवेच्या नळाला दंड, असे एकदा झाले की नियम मेला असे समजावे. म्हणून पहिला दंड समितीतल्याच कोणी चुकले तर त्याच्याकडून वसूल करावा. नियम आणि दंड ग्रामसभेच्या ठरावाने पंचायतीमार्फत व्हावेत, चार जणांनी परस्पर करू नयेत. दंडाचा पैसा तोट्या आणि पाइप यांवरच खर्चावा आणि हिशेब फळ्यावर लावावा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. कोणाचेही पिण्याचे पाणी तोडू नये. चुकलेल्याचेही नाही, परगावच्या मजुराचेही नाही. पाण्यापासून माणसाला दूर ठेवणारे नियम आपल्या देशाने फार पाहिले. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांना घेऊन जावे लागले. पाण्याचा नियम दुबळ्याचा वाटा राखण्यासाठी असतो. तो त्याच्यावरच उलटत असेल तर नियम फाडून नवा करावा.

आरोग्याकडेही लक्ष असू द्या

वाया जाणारे पाणी आजारही आणते. नळाखालचे डबके डासांचे घर होते. तिथे शोषखड्डा करावा. सुमारे एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर वाळू. विहिरीला अगदी लागून मात्र करू नये, सांडपाणी विहिरीत पाझरेल.

टंचाईत आपण पिंपे आणि हंडे भरून ठेवतो. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि ती अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवून पिंपाच्या आतल्या कडा घासाव्यात, आणि इतर दिवशी तोंडाला घट्ट झाकण किंवा फडके बांधावे. घासलेले पाणी झाडांना घालावे.

पाणी वाचवायचे म्हणून हात धुणे कमी करू नये. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने धुतलेल्या हातांना तांब्याभर पाणी पुरते, आणि त्या तांब्याभर पाण्याने हगवण टळते. काटकसर वाहत्या नळावर करावी, लेकरांच्या हातांवर नको.

आपसात चर्चा करण्यासाठी

१. आपल्या वाड्यावर पाणी सर्वांत आधी कोणाचे संपते? ते घर उताराच्या कोणत्या टोकाला आहे?

२. गेल्या पाच वर्षांत आपल्या शिवारात किती नव्या बोअरी झाल्या? त्यांपैकी आज किती चालू आहेत?

३. वर दिलेल्या सात नियमांपैकी कोणता नियम येत्या ग्रामसभेत मांडता येईल? कोण मांडील?

सात नियम एकदम घेऊ नयेत. एक घ्यावा आणि तो वर्षभर पाळून दाखवावा. पहिला नियम टिकला की दुसऱ्यासाठी माणसे आपोआप बसतात. विहिरीची पातळी दोरीने मोजायला तर कोणाची परवानगीही लागत नाही. या आठवड्यात आपल्या विहिरीवर जाऊन दोरी सोडा, गाठ मारा, आणि आकडा तारखेसह भिंतीवर लिहून ठेवा.